मधले आभाळ

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावाकडच्या शेताची सरकारी मोजणी झाली. भूकरमापक आले तेव्हा त्यांच्याजवळ साखळी नव्हती, तिपाईवरचा मोजणीचा फळा नव्हता, झेंड्यांच्या काठ्याही नव्हत्या. होती ती माणसाहून जराशी उंच अशी एकच काठी आणि तिच्या टोकाला उपड्या वाडग्यासारखा एक पांढरा डबा. सगळे त्याला रोव्हर म्हणत होते. काठी बांधाच्या कोपऱ्यावर टेकवायची, तिच्यावरच्या पाण्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत ती सरळ करायची, हातातल्या पडद्यावरचे आकडे स्थिर झाले की पुढच्या कोपऱ्याकडे निघायचे. फळ्यावरची मोजणी माझ्या चुलत्यांनी तरुणपणी पाहिली होती. तिला अख्खा दिवस लागे आणि संध्याकाळी दोन्ही बाजूंचे लोक नाराज होऊन घरी जात. त्यांनी भूकरमापकांना विचारले, "साहेब, वरून त्याला आमचं शेत दिसतंय का?"

"त्याला काही दिसत नाही, काका," ते म्हणाले. "तो फक्त वेळ सांगतो. जागा आपण काढायची."

चुलत्यांना ते पटले नाही. मला पटले, पण ते त्यांना समजावून सांगण्यात मी कमी पडलो. विज्ञानाबद्दल इतकी वर्षे लिहिणाऱ्या माणसाला आपल्याच बांधावर उभे राहून आपल्याच भाषेत एवढे सांगता येऊ नये, ही गोष्ट मनाला लागून राहिली. हे पुस्तक म्हणजे त्या एका उत्तराचा विस्तार आहे.

त्या डब्याला जे ऐकू येत होते ते सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून येत होते. पृथ्वीच्या पृष्ठभागापासून २,००० किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्याला खालची कक्षा म्हणतात. ३५,७८६ किलोमीटरवर भूस्थिर कक्षा आहे. या दोहोंमधल्या सगळ्या आभाळाला मध्यम पृथ्वी कक्षा हे नाव आहे. खालच्या आणि वरच्या कक्षांशी आपली ओळख जुनी आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक संध्याकाळी डोक्यावरून सरकताना अंगणातून पाहता येते. गच्चीवरची टीव्हीची थाळी वर्षानुवर्षे ज्या एका बिंदूकडे तोंड करून असते, तिथे भूस्थिर उपग्रह असतो. आपल्या दृष्टीने त्याला ध्रुवासारखे अढळपद मिळालेले असते. मधल्या कक्षेतला उपग्रह नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि एका जागी थांबतही नाही. तो उगवतो, चढतो, मावळतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. तरीही खिशातल्या प्रत्येक फोनचा कान त्याच्याकडे लागलेला असतो.

मग उपग्रह मध्येच का ठेवायचे? याचे उत्तर केप्लरने सतराव्या शतकात मांडलेल्या नियमात आहे. उपग्रह जितका उंच तितका तो सावकाश फिरतो. चारशे किलोमीटरवरचा उपग्रह दीड तासात पृथ्वीला फेरी घालतो आणि एका गावाच्या आभाळातून पाच-दहा मिनिटांत निघून जातो. साडेपाचशे किलोमीटरवरून पृथ्वीचा जेमतेम चार टक्के पृष्ठभाग नजरेच्या टप्प्यात येतो. कंदील जमिनीलगत धरला की उजेड लख्ख पडतो, पण अंगणाचा एक कोपराच उजळतो. तोच दीपमाळेवर चढवला की उजेड मंद होतो, पण सारे आवार दिसू लागते. २०,२०० किलोमीटरवरच्या जीपीएस उपग्रहाच्या टप्प्यात एका वेळी पृथ्वीचा सुमारे ३८ टक्के पृष्ठभाग येतो. आणखी सोळा हजार किलोमीटर वर, भूस्थिर कक्षेत गेले तरी हा आकडा ४२ टक्क्यांच्या आसपासच अडतो. म्हणजे चढणीचा बहुतेक लाभ मधल्या टप्प्यावरच पदरात पडलेला असतो. शिवाय भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वरच असावा लागतो, त्यामुळे ध्रुवांकडच्या प्रदेशाला तो क्षितिजाला टेकलेला दिसतो, नाहीतर दिसतच नाही. मधल्या कक्षेला अशी अट नाही. तिथे चोवीस उपग्रह नीट पेरले, की पृथ्वीवरच्या कुठल्याही जागेवरून कुठल्याही क्षणी किमान चार उपग्रह क्षितिजाच्या वर असतात.

चारच का, हे समजले की चुलत्यांच्या प्रश्नाचे उत्तर अर्धे मिळते. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत मुले आकडे मोजतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तेव्हा तीन आकडे झाले तर वीज किलोमीटरभर लांब पडली. उपग्रहाचे गणित याच जातीचे आहे. फरक एवढाच की तिथे आवाजाच्या जागी रेडिओलहर आहे आणि 'आता निघालो' हे सांगणारी वेगळी चमक नाही. म्हणून उपग्रह आपल्या संदेशावरच निघाल्याची वेळ उमटवतो, जशी पूर्वी टपालाच्या शिक्क्यावर तारीख उमटलेली असे. संदेश हाती आला त्या वेळेतून निघाल्याची वेळ वजा केली, उरलेल्या काळाला प्रकाशाच्या वेगाने गुणले, की उपग्रहापर्यंतचे अंतर मिळते. थेट डोक्यावरच्या उपग्रहाकडून संदेश यायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. अशी तीन अंतरे कळली की आपली जागा ठरते. चौथा उपग्रह लागतो तो आपल्या घड्याळासाठी. उपग्रहावरचे घड्याळ अणूंच्या कंपनांवर चालणारे, अतिशय मौल्यवान असते. फोनमधले साधे असते. त्या साध्या घड्याळाची चूक किती, हे चौथे अंतर उघड करते. म्हणजे जागा शोधता शोधता खिशातल्या स्वस्त घड्याळालाही अणुघड्याळाइतकी नेमकी वेळ मिळून जाते.

या सगळ्यात उपग्रहाला आपल्याबद्दल काहीच कळत नाही. तो बोलतो आणि आपण ऐकतो. ऐकणारा एक असो की अब्जावधी, त्याला काही फरक पडत नाही. फोन आपला ठावठिकाणा कुणाला कळवत असेल, तर ते काम मोबाइलच्या जाळ्यातून होते. मधल्या आभाळातल्या घड्याळांचा त्यात हात नसतो. या उपग्रहांविषयीचा हा सर्वात मोठा गैरसमज आहे आणि तो दूर झाला तर पुस्तकाचे निम्मे श्रम सार्थकी लागले असे मी मानेन.

मोजणीच्या इतिहासाचा एक धागा आपल्या मातीत रुतलेला आहे. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजून भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घातला. सुमारे अर्ध्या टनाचे त्यांचे थिओडोलाइट माणसांच्या खांद्यावरून टेकड्यांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढे. एक रेषा नेमकी मोजायची आणि मग कोनामागून कोन घेत उत्तरेकडे सरकायचे, ही त्यांची रीत होती. हे काम चालू असतानाच १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्यांचा देह पडला आणि तिथेच त्यांची कबर आहे. त्यांनी कोनांनी देश बांधला, तर आमच्या बांधावरचा रोव्हर अंतरांनी कोपरा बांधत होता. दोघांना हवा होता तो असा एक स्थिर संदर्भ, ज्याच्याविषयी शेजारी-शेजाऱ्यांत वाद होणार नाही. लॅम्बटन यांना तो डोंगराच्या माथ्यावर मिळाला. आज तो अणुघड्याळाच्या ठोक्यात मिळतो.

त्या ठोक्याची किंमत पाहा. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाश तीस सेंटिमीटर जातो. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले तर जागा तीनशे मीटरने चुकेल. आणि मधल्या कक्षेत घड्याळ स्वभावतःच वेगळे चालते. उपग्रह सेकंदाला जवळजवळ चार किलोमीटर वेगाने धावतो म्हणून त्याचे घड्याळ दिवसाला सात मायक्रोसेकंद मागे पडते, हे आइन्स्टाइन यांचा विशेष सापेक्षतावाद सांगतो. तिथे पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण क्षीण आहे म्हणून ते दिवसाला पंचेचाळीस मायक्रोसेकंद पुढे जाते, हे त्यांचा व्यापक सापेक्षतावाद सांगतो. वजाबाकी करून दिवसाला अडतीस मायक्रोसेकंदांची आघाडी उरते. ती तशीच सोडली तर एका दिवसात अंतरांत अकरा किलोमीटरची चूक साठेल. म्हणून जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळे जमिनीवर असतानाच अगदी किंचित संथ लावलेली असतात, वर गेली की ती बरोबर चालतात. सापेक्षतावाद हा फळ्यावरचा आणि परीक्षेपुरता विषय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की रिक्षावाल्याला पत्ता सापडतो तो त्याच्याच भरवशावर.

जागा इतकी सोयीची असूनही मधले आभाळ बराच काळ ओस राहिले, याचे कारण तिथली हवामानाहून निराळी अशी एक प्रतिकूलता. १९५८ मध्ये एक्सप्लोरर या पहिल्या अमेरिकी उपग्रहावरच्या यंत्राने जेम्स व्हॅन अ‍ॅलन यांना चकित केले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या प्रोटॉन-इलेक्ट्रॉनांचे पट्टे पृथ्वीभोवती वेढे घालून बसले होते. त्यांतला बाहेरचा पट्टा मधल्या कक्षेतच पसरलेला आहे आणि जीपीएसचे उपग्रह त्याच्या ऐन गाभ्यातून रोज ये-जा करतात. तिथल्या माऱ्याने सौरपट्ट्या निकामी होत जातात आणि इलेक्ट्रॉनिक भाग बिघडतात.

याचा पहिला मोठा धडा टेलस्टारने दिला. बेल लॅबोरेटरीजने बांधलेला, पाऊण मीटरहून थोडा मोठा असा हा गोल उपग्रह १० जुलै १९६२ रोजी सुटला. त्याची वाट लांबट होती. जवळचे टोक हजार किलोमीटरच्या आत, तर दूरचे साडेपाच हजारांच्या पलीकडे. त्याने अटलांटिकच्या दोन्ही काठांना एकमेकांची जिवंत चित्रे दाखवली आणि जगाने तो चमत्कार मानला. पण त्याच्या उड्डाणाच्या आदल्याच दिवशी अमेरिकेने प्रशांत महासागरावर चारशे किलोमीटर उंचीवर 'स्टारफिश प्राइम' हा अणुस्फोट घडवला होता. त्यातून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांनी हे पट्टे आणखी दाट झाले. टेलस्टार त्यांतून फेऱ्या मारत राहिला आणि फेब्रुवारी १९६३ मध्ये कायमचा मुका झाला. एकाच देशाच्या एका हाताने जे उभारले त्याला दुसऱ्या हाताने जायबंदी केले. आभाळ सर्वांचे आहे आणि तिथे केलेली आगळीक आपल्याच माथी येते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

या पट्ट्यांचा लहरीपणा सूर्याच्या हाती असतो. सूर्यावरून वादळ आले की पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हेलावते आणि बाहेरच्या पट्ट्यातले इलेक्ट्रॉन खवळतात. अशा वादळांची जगातली एक जुनी आणि अखंड नोंदवही महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळाची कुलाब्याची नोंद आजही जगभरचे अभ्यासक प्रमाण म्हणून काढतात. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने सुया थरथरणार, हे ओळखून १९०४ मध्ये हे काम खाडीपलीकडे अलिबागला नेले. तिथे ते आजही चालू आहे आणि त्याची सूत्रे पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहेत. ट्रामच्या काळातल्या माणसांना उपग्रह ठाऊक नव्हते. पण नोंद शुद्ध राहावी या एका आग्रहापोटी त्यांनी अख्खी वेधशाळा हलवली. मे २०२४ च्या सौरवादळात अमेरिकेतल्या शेतांवर उपग्रहांच्या आधाराने चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणीत वाट चुकले. अशा घटनेचा अर्थ लावायला बसले, की शंभर-दीडशे वर्षांची ती शांत नोंद किती मोलाची आहे हे कळते.

दिक्चालनासाठी उपग्रह वापरायची कल्पना एका उलट्या प्रश्नातून निघाली. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत स्पुटनिक फिरू लागला, तेव्हा अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण त्याची शीळ ऐकत बसले. गाडी जवळ येताना भोंग्याचा सूर चढतो आणि दूर जाताना उतरतो, तसा त्या शिळेचा सूर बदलत होता. त्या बदलावरून त्यांनी उपग्रहाची कक्षा काढली. मग त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लुअर यांनी विचारले: आपली जागा ठाऊक असताना उपग्रहाची कक्षा काढता येते, तर कक्षा ठाऊक असताना आपली जागा का काढता येऊ नये? त्यातून 'ट्रान्झिट' ही खालच्या कक्षेतली यंत्रणा जन्मली. पुढे १९७३ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या आणि नौदलाच्या निरनिराळ्या योजना एकत्र आणून जीपीएसचा आराखडा ठरला, अणुघड्याळे मधल्या कक्षेत न्यायचे ठरले आणि १९७८ मध्ये पहिला उपग्रह गेला.

ही यंत्रणा युद्धासाठी उभी राहिली, हे लपवण्यात अर्थ नाही. ती सर्वांची झाली ती एका शोकांतिकेनंतर. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडले गेले आणि २६९ माणसे दगावली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी जीपीएस नागरी वापरासाठी खुले करण्याचे जाहीर केले. तरीही कित्येक वर्षे नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे, इतकी की जागा शंभर मीटरपर्यंत चुकावी. मे २००० च्या आरंभी अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ती भेसळ बंद झाली. जगभरच्या यंत्रांना एका रात्रीत नीट दिसू लागले आणि त्यांतल्या एकालाही नवा सुटा भाग लागला नाही.

पण जे एका आदेशाने सुरू होते ते दुसऱ्या आदेशाने थांबूही शकते, हे इतरांनी ओळखले. रशियाची ग्लोनास यंत्रणा १९८२ पासून १९,१०० किलोमीटरवर उभी राहत होती. सोव्हिएत संघ कोसळल्यावर ती खंगली आणि २०११ पर्यंत पुन्हा सावरली. युरोपची गॅलिलिओ २३,२२२ किलोमीटरवर आहे. चीनच्या बैदूचे जागतिक जाळे २०२० मध्ये पुरे झाले आणि तिचे बहुतेक उपग्रह साडेएकवीस हजार किलोमीटरवर आहेत. आपला फोन आज या चारही घड्याळांचे ठोके एकाच वेळी ऐकतो. राजधान्यांमध्ये किती वैर असो, खिशातल्या त्या चिमुकल्या चकतीवर त्यांची वेळ जुळवून घेतलेली असते.

गॅलिलिओच्या इतिहासातल्या एका अपघाताने मला सर्वात जास्त शिकवले. ऑगस्ट २०१४ मध्ये रॉकेटच्या वरच्या टप्प्यातली इंधनाची नळी गोठली आणि दोन उपग्रह गोल कक्षेऐवजी लांबट कक्षेत पडले. दिक्चालनाच्या दृष्टीने ते वाया गेल्यातच जमा होते. पण लांबट कक्षेमुळे ते दिवसातून दोनदा सुमारे साडेआठ हजार किलोमीटर वरखाली होत होते आणि त्यांच्या पोटात उत्तम अणुघड्याळे होती. उंची बदलली की घड्याळाची चाल बदलते, हे आइन्स्टाइन यांचे म्हणणे तपासायला इतकी चांगली संधी कुणी ठरवूनही दिली नसती. फ्रान्स आणि जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी हजारांहून अधिक दिवसांच्या नोंदी तपासल्या आणि २०१८ मध्ये, हेच तपासणाऱ्या १९७६ च्या प्रयोगाहून कितीतरी नेमका निष्कर्ष मांडला. चुकलेल्या वाटेवरच्या घड्याळांनी वेळेविषयीचे आपले ज्ञान पक्के केले.

भारताने वेगळी वाट धरली आणि तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मधल्या कक्षेतून एका देशाला अखंड सेवा द्यायची तरी साऱ्या पृथ्वीला पुरेल इतके उपग्रह लागतात, कारण ते फिरत राहतात. आपली गरज भारत आणि भोवतालच्या दीड हजार किलोमीटरपुरती होती. म्हणून इस्रोने 'नाविक'साठी छत्तीस हजार किलोमीटरची कक्षा निवडली. काही उपग्रह विषुववृत्तावर स्थिर, काही आपल्याच आभाळात इंग्रजी आठच्या आकड्यात झुलणारे, असे सातांत भागले. काटकसरीची ही बुद्धी खरी होती. पण या यंत्रणेचेही दुखणे तेच निघाले, घड्याळ. परदेशातून आणलेली काही अणुघड्याळे कक्षेत बंद पडली. मे २०२३ मध्ये सुटलेल्या एनव्हीएस-०१ वर पहिल्यांदा भारतीय बनावटीचे रुबिडियम घड्याळ गेले. त्या दिवशीच्या बातमीत रॉकेटची छायाचित्रे मोठी होती, पण माझ्या लेखी खरी बातमी त्या घड्याळाची होती. स्वतःची वेळ स्वतः राखता येणे हे स्वातंत्र्याचे एक अंग आहे.

मधल्या कक्षेत केवळ घड्याळेच आहेत असे नाही. ८,०६२ किलोमीटरवर, आतल्या आणि बाहेरच्या पट्ट्यांमधल्या तुलनेने सौम्य फटीत, विषुववृत्तावरून फिरणारे 'ओथ्रीबी' उपग्रह आहेत. इंटरनेटपासून वंचित अशा उरलेल्या तीन अब्ज माणसांसाठी म्हणून हे नाव. पहिले चार जून २०१३ मध्ये गेले आणि प्रशांत महासागरातल्या कुक बेटांना त्यांचा आरंभीच आधार मिळाला. भूस्थिर उपग्रहावरून प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद लागतो आणि बोलणारे एकमेकांच्या वाक्यात अडखळतात. इथे तो वेळ तिसऱ्या हिश्श्यापर्यंत खाली येतो. २०२३ मध्ये जिओने याच कक्षेतल्या उपग्रहांच्या मदतीने गीर, कोरबा, नवरंगपूर आणि जोरहाट या दुर्गम भागांत इंटरनेट पोहोचवून दाखवले. तार जिथे डोंगराला हरते, तिथे हे आभाळ कामी येते.

उपयोगांची यादी लांबवणे सोपे आहे आणि पुढच्या प्रकरणांत ती आहेच. वीजवाहिन्यांच्या जाळ्यात शेकडो मैल दूरच्या केंद्रांवरचा प्रवाह एकाच क्षणी मोजायला हीच वेळ लागते. मोबाइलचे मनोरे आणि बाजारातले व्यवहार याच ठोक्यावर चालतात. कोकणातला तांडेल जाळे कुठे टाकले होते ते याच संदेशावरून नोंदून ठेवतो आणि धुक्यातही बंदराच्या तोंडाशी येतो. पण माझ्या विशेष जिव्हाळ्याचा उपयोग वेगळा आहे. उपग्रहाची लहर वातावरणातून येताना वाफेमुळे किंचित रेंगाळते. भूकरमापकासाठी ती चूक असते आणि ती काढून टाकण्यासाठी जमिनीवर कायमची केंद्रे उभारावी लागतात. विमानांसाठी संदेशातल्या चुका सुधारण्याचे काम 'गगन' यंत्रणा करते. तिची संदर्भकेंद्रे देशभर आहेत, त्यांत नागपूर आणि गोवाही आहेत. हवामानशास्त्रज्ञाला मात्र हीच चूक हवी असते. लहर किती रेंगाळली यावरून हवेत किती वाफ आहे ते कळते, ती किती वाकली यावरून तापमानाचा थर उलगडतो आणि त्यातून पावसाचा अंदाज सुधारतो. एकाच्या शेतातले तण दुसऱ्याच्या औषधाला यावे, तसे हे.

एवढा भरवसा टाकताना त्याची दुबळी बाजूही उघड सांगितली पाहिजे. जमिनीवर पोहोचतो तेव्हा हा संदेश विलक्षण क्षीण असतो. एका वॅटचे कोटी कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागाच्या शंभराव्या हिश्श्याएवढी त्याची शक्ती असते. जवळच कुणी गोंगाट केला तर तो बुडतो आणि कुणी त्याच्या आवाजाची नक्कल केली तर यंत्र फसते. युद्धाच्या छायेतल्या प्रदेशांवरून जाणाऱ्या वैमानिकांना याचा अनुभव वारंवार येतो आहे. म्हणून जुनी साधने टाकून देऊ नयेत. नकाशा वाचता येणे, होकायंत्र हाताळता येणे, जमिनीवरचे खात्रीचे घड्याळ राखणे या गोष्टींना मी मागासलेपण मानत नाही.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडे. पहिला भाग कक्षांच्या गणिताचा आहे. तो शाळेत दहावीपर्यंत शिकलेल्या वाचकाला पेलेल असा लिहिला आहे. दुसरा घड्याळांचा, तिसरा प्रारणाचा, चौथा निरनिराळ्या यंत्रणांचा आणि पाचवा उपयोगांचा. परिभाषेबाबत मी हट्ट धरलेला नाही. उपग्रह, कक्षा, प्रारण, दिक्चालन हे शब्द आपल्यात रुजले आहेत, ते वापरले. रोव्हर, सिग्नल, अँटेना हे शब्द बांधावरचा माणूस बोलतो, तेही तसेच ठेवले. 'मध्यम पृथ्वी कक्षा' हे नाव पाठ्यपुस्तकाला शोभते, पण घरात बोलताना 'मधली कक्षा' म्हटले की पुरते, म्हणून पुढे सर्वत्र तेच आहे.

शेवटी एका अशा उपग्रहाविषयी, जो काहीच बोलत नाही. मे १९७६ मध्ये लॅजिऑस हा साठ सेंटिमीटरचा, चारशे किलोहून जड असा भरीव गोळा सुमारे ५,९०० किलोमीटरवर सोडला गेला. त्यावर यंत्र नाही, घड्याळ नाही. आहेत ते ४२६ परावर्तक. जमिनीवरून लेझरचा झोत टाकायचा आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजायचे. या मुक्या गोळ्याने भूखंड सरकतात हे सेंटिमीटरांत मोजायला मदत केली. तो लाखो वर्षे फिरत राहणार, म्हणून खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी त्याच्या पोटात एक पत्रा ठेवायला दिला. त्यावर तीन नकाशे आहेत: कोट्यवधी वर्षांपूर्वीचे भूखंड, आजचे, आणि चौऱ्याऐंशी लाख वर्षांनंतरचे, म्हणजे तो गोळा पृथ्वीवर परतेल असा अंदाज आहे त्या काळाचे.

अशा मोजणीतून आज आपल्याला पक्के ठाऊक आहे की भारताचा भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. म्हणजे आमच्या बांधाचा तो कोपराही. वीस वर्षांनी त्याच दगडावर रोव्हर टेकवला, तर साऱ्या पृथ्वीच्या हिशेबाने तो मीटरभर पुढे गेलेला असेल. त्याच्याबरोबर शेजाऱ्याचा बांधही गेलेला असेल, विहीर, देऊळ आणि हिंगणघाटची ती कबरही. हे चुलत्यांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ बांधाकडे पाहत राहिले. "म्हणजे कुणी न कोरता बांध सरकतो," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पण सगळ्यांचा सारखाच सरकतो."

वरच्या घड्याळांना आमचे शेत दिसत नाही, हे त्यांना आता पटले आहे. ती वेळ सांगतात, जागा आपण काढायची. काढलेल्या जागेवर शेजाऱ्याशी कसे वागायचे, हेही आपणच ठरवायचे. मधल्या आभाळाकडे या नजरेने पाहणारे थोडे वाचक मिळाले, तरी हे लिहिण्याचे चीज होईल.